पायाची सूज फायलीत लिहा

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 2020 मध्ये देशभरातल्या कर्करोग नोंदण्यांचा अहवाल काढला, तेव्हा सगळ्यात खालची ओळ आपल्या वाट्याला आली. उस्मानाबाद आणि बीड : दर लाख पुरुषांमागे वर्षाला 39.5 नवे रुग्ण, दर लाख स्त्रियांमागे 49.4. वरच्या टोकाला मिझोराममधलं ऐझॉल, पुरुषांत 269.4. वयातला फरक हिशेबात धरूनही एवढी तफावत. आपल्याकडे तो आकडा वाचून हायसं वाटलेले लोक मला भेटलेत. मला मात्र त्यातला काही भाग खरा आणि काही भाग न झालेल्या तपासण्यांचा वाटतो. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात बिडी ओढणाऱ्या साठीच्या माणसाचा खोकला हटत नसला, तर आधी पाटी पडते क्षयाची. एक्स-रेवरची सावली दोन्ही आजारांत सारखी दिसू शकते, त्यामुळे फुप्फुसाच्या कॅन्सरवर काही महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहणं हा फक्त बीडचा नाही, देशभरातल्या छातीच्या डॉक्टरांचा जुना अनुभव आहे.

पण आज खोकल्याबद्दल लिहायचं नाही. याच माणसाची एका पायाची पोटरी सुजते, ठणकते, गरम लागते, त्याबद्दल लिहायचं आहे. घरचे म्हणतात नस धरली. मग तेल, बाम, चोळणारा माणूस. खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळणं सरळ धोक्याचं, कारण ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते.

कॅन्सर आणि गुठळी यांचं नातं पॅरिसच्या आर्मां त्रुसो या डॉक्टरांनी 1865 मध्ये आपल्या व्याख्यानात मांडलं. काही कारण नसताना शिरेत गुठळ्या होणाऱ्या रुग्णाच्या पोटात कुठेतरी कॅन्सर दडलेला असतो, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं होतं. दोनच वर्षांनी त्यांची स्वतःची शीर सुजली. त्यांनी त्यावरून आपलं निदान ओळखलं आणि त्याच वर्षी पोटाच्या कॅन्सरनं ते गेले. आज आपण हे आकड्यांत सांगतो : कॅन्सरच्या रुग्णाला अशा गुठळीचा धोका इतरांपेक्षा साधारण चार ते सात पट, आणि खुद्द कॅन्सरनंतर या रुग्णांच्या मृत्यूचं मोठं कारण गुठळ्याच.

हे होतं कसं? रक्त गोठवण्याची सुरुवात करून देणारं ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन एरवी रक्ताच्या वाटेत नसतं, रक्तवाहिनीच्या बाहेरच्या बाजूला असतं. जखम झाली की रक्ताची आणि त्याची गाठ पडते, थ्रॉम्बिन तयार होतं, फायब्रिनचे धागे विणले जातात, प्लेटलेट्स गोळा होतात आणि खपली धरते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अनेक पेशी हे प्रथिन आपल्याच अंगावर घेऊन फिरतात. जखम नसताना जखमेची हाक दिली जाते.

इथवर गुठळी हा कॅन्सरचा परिणाम झाला. नात्याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. मूळ गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. प्रवाहाचा मार असतो, शिवाय ‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी टपलेल्या असतात. ज्या पेशीभोवती प्लेटलेट्स आणि फायब्रिन जमतात, ती मात्र घोंगडी पांघरल्यासारखी या मारेकऱ्यांच्या नजरेतून निसटते. उंदरांमधल्या प्लेटलेट्स कमी केल्या की कॅन्सर पसरणं कमी होतं, हे 1968 मध्येच दिसलं होतं. ऑक्सफर्डमधल्या रूथ मुशेल यांच्या गटानं 2012 मध्ये आणखी एक दुवा दाखवला. फुप्फुसात अडकलेल्या कॅन्सरपेशीभोवती जी बारीक गुठळी होते, ती शरीराच्याच मॅक्रोफेज पेशींना बोलावून घेते, आणि त्या आल्या की कॅन्सरपेशी तग धरते. गोठणं थांबवलं तर मॅक्रोफेज कमी येतात आणि कॅन्सरपेशीही कमी जगतात. गोठणं थांबवायला त्यांनी वापरलेल्या उपायांत एक होतं हिरुडिन, म्हणजे जळवेच्या लाळेत सापडणारा पदार्थ. (हे वाचून कुणी सुजलेल्या पायाला जळवा लावू नयेत. लावणारे आहेत, म्हणून लिहितो.)

आता इथे मोह होतो. गुठळी कॅन्सरला पसरायला मदत करते, तर रक्त पातळ करायची गोळी घेतली की कॅन्सर थांबेल! कोविडनं आपल्याकडे घराघरांत गुठळीचा माग काढणाऱ्या ‘डी-डायमर’ तपासणीचं नाव आणि रक्त पातळ करणारं, पोटात टोचायचं इंजेक्शन पोचवलं. तेव्हापासून रक्त पातळ करणं म्हणजे तब्येतीला चांगलंच, असा समज इतका पक्का झालाय की लोक मेडिकलमधून गोळ्या चिठ्ठीशिवाय मागतात. दुकानदार देतात, हे जास्त वाईट.

माणसांवर काय झालं ते पाहू. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ कॅन्सरच्या 50 रुग्णांपैकी निम्म्यांना वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं. 1981 मध्ये छापलेला निकाल थक्क करणारा होता : मधल्या रुग्णाचं आयुष्य 24 आठवड्यांवरून 50 आठवड्यांवर गेलं. आशा वाढली, पण 50 ही संख्या फार लहान. पुढे ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 2,202 रुग्णांवर ‘फ्रॅगमॅटिक’ ही चाचणी झाली. नेहमीच्या उपचारासोबत निम्म्यांना सहा महिने रोज डाल्टेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. 2016 मध्ये छापलेल्या निकालात गुठळ्या बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या, शंभरात सुमारे दहाऐवजी पाच-सहा जणांना. पण आयुष्य एका दिवसानंही वाढल्याचं दिसलं नाही, आणि रक्तस्रावाचा त्रास थोडा जास्तच झाला. निदान होईपर्यंत बहुतेकांत पेशी आधीच पसरलेल्या असतात, हे त्याचं एक पटणारं कारण. उंदराला शेपटीतून पेशी टोचायच्या आधी औषध देता येतं. माणसाला तसं कुणी आगाऊ सांगत नाही.

अ‍ॅस्पिरिनचंही विचारतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं भारतातली रुग्णालयं ज्या ‘अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन’ चाचणीत आहेत, ती स्तन, मोठं आतडं, जठर-अन्ननलिका आणि प्रोस्टेट यांच्या कॅन्सरसाठी आहे. फुप्फुस त्यात नाही.

माणसांवरच्या चाचणीचा आग्रह धरायचा हक्क आपल्या भागानं कमावलेला आहे. बार्शीला डॉ. भा. म. नेने यांच्या कॅन्सर रुग्णालयात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन नुसती नावं लिहीत नव्हते, लक्षणं सांगत होते. त्यातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या चाचणीनं, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे दाखवलं. 2009 मध्ये तो निकाल आला आणि जगानं त्याची दखल घेतली.

आणि याच पट्ट्यातली दुसरी गोष्टही विसरता येत नाही. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ एवढं वाक्य अनेकींना टेबलावर न्यायला पुरलं. कॅन्सरची नुसती भीती घातली तर इथे अवयव काढले जातात, आणि कॅन्सर खरोखर झालेल्या माणसाच्या सुजलेल्या पायाकडे कुणी पाहत नाही. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात चालतं याचा मला राग आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. गुठळीवरच्या औषधानं कॅन्सर बरा होत नाही, पण गुठळीनं होणारा मृत्यू टळू शकतो, आणि तो काही कमी फायदा नाही. उमापूरचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून किंवा बार्शीहून केमो घेऊन एसटीत तासन्‌तास बसून परततो आणि मग घरी खाटेवर पडून राहतो. निदानानंतरचे पहिले काही महिने गुठळीचा धोका सगळ्यात जास्त, आणि त्याच काळात तो डॉक्टरपासून सगळ्यात लांब. जोखीम जोखायला महागडं काही लागत नाही. डॉ. अलोक खोराना यांनी 2008 मध्ये मांडलेली मोजणी कॅन्सर कुठला, प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती आणि उंचीच्या मानानं वजन किती एवढ्यावरच होते. फुप्फुसाच्या कॅन्सरला त्यात सुरुवातीलाच एक गुण मिळतो. 3,50,000 किंवा त्याहून जास्त प्लेटलेट असतील तर आणखी एक. केमोआधीचा रक्ताचा रिपोर्ट फायलीत असतोच, बेरीज तेवढी कुणी करायची.

ती बेरीज फायलीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली ठळक मराठीत : एकच पाय सुजला, पोटरी दुखली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं, तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात पायाची डॉपलर सोनोग्राफी ठरलेल्या वारी नाही, रोज होईल अशी सोय करा. गुठळी आठवडी बाजाराचा दिवस पाहून होत नाही.