फ्रेम डबल, मग रेट किती?

परवाच्या व्हिडिओत झेरॉक्स मशीनवरच्या १४१ टक्क्यांबद्दल बोललो होतो, ते घाईत झालं. आज नीट सांगतो, कारण हा आकडा न कळल्यामुळे माझं स्वतःचं नुकसान झालंय.

ए-फोर कागद ए-थ्रीवर मोठा करायचा असेल, तर झेरॉक्सवाला २०० टक्के दाबत नाही, १४१ दाबतो. मशीनवरचा टक्का बाजूचा असतो, कागदाच्या आकारमानाचा नसतो. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, ए-थ्री २९७ बाय ४२०. दोन्ही बाजू १.४१ पट झाल्या की कागद दुप्पट होतो, कारण १.४१ गुणिले १.४१ म्हणजे जवळपास २. त्याने २०० दाबलं असतं तर चार ए-फोर मावतील एवढा कागद लागला असता. हे त्याला रोजच्या कामातून पाठ असतं. मी बीबीए करून फ्रेमच्या दुकानात बसलो आणि मला ते माहीत नव्हतं!

दुकानाच्या पहिल्याच वर्षी एका शाळेची दहा फ्रेमची ऑर्डर आली. आमची १२ बाय १८ इंची फ्रेम ६०० रुपयांना जायची. त्यांना २४ बाय ३६ हवी होती. मी म्हटलं, डबल साइज, डबल पैसे, १२०० द्या. ते लगेच हो म्हणाले. गिऱ्हाईक इतक्या लगेच हो म्हणालं की खरं तर तिथेच शंका यायला हवी.

आता हिशोब बघा. सोपे आकडे धरतो, तुमच्या गावात वेगळे असतील. फ्रेमची पट्टी ४० रुपये फूट. प्रिंट, काच आणि मागचा बोर्ड मिळून १२० रुपये चौरस फूट. मजुरी १०० रुपये.

१२ बाय १८ ला चारी बाजूंनी ५ फूट पट्टी लागते, म्हणजे २०० रुपये. क्षेत्रफळ दीड चौरस फूट, त्याचे १८०. मजुरी धरून ४८०. विकली ६०० ला, १२० सुटले.

२४ बाय ३६ ला पट्टी १० फूट, ४०० रुपये. इथपर्यंत डबल बरोबर आहे. पण क्षेत्रफळ ६ चौरस फूट झालं, म्हणजे चौपट. त्याचे ७२०. मजुरी तीच १००, कारण कोपरे चारच जोडायचे. एकूण १२२०. मी विकली १२०० ला. एका फ्रेममागे २० रुपये खिशातून गेले, आणि त्यात दुकानभाडं, रिक्षा, फुटलेली एक काच धरलेलीच नाही. मी मात्र मनात २४०० रुपये नफा मोजून बसलो होतो.

दहावीच्या भूमितीत समरूपतेचा धडा होता, आठवतोय? बाजू जितक्या पट वाढतात, क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं. आपण ते त्रिकोणापुरतं पाठ केलं आणि पेपर देऊन मोकळे झालो. टक्क्यांत सांगायचं तर बाजू १० टक्के वाढली की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. बाजू ५० टक्के वाढली तर १२५ टक्के.

इथे बरेच जण उलट चूक करतात. "क्षेत्रफळ चौपट ना, मग रेट चौपट लावा." माझ्या मते हेही चूकच. चौपट म्हणजे २४००, आणि त्या रेटला गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. खर्च ना दुप्पट झाला ना चौपट, ४८० चे १२२० झाले, म्हणजे अडीच पटीच्या जरा वर. पट्टी लांबीने वाढते, काच क्षेत्रफळाने वाढते, मजुरी जवळपास जागेवर राहते. हे तीन खर्च वेगळे मांडल्याशिवाय मोठ्या साइजचा रेट काढूच नका. फ्लेक्सवाल्यांचं चौरस फुटावर भागतं, कारण तिथे पट्टीच नाही. त्यांचं बघून फ्रेमला तोच नियम लावू नका.

घरी केक करणाऱ्या ताईंनाही हेच सांगेन. ६ इंची ऐवजी ८ इंची केक, उंची तीच. व्यास ३३ टक्के वाढला, पण बॅटर ७८ टक्के जास्त लागणार. कडेचं क्रीम ३३ टक्के जास्त, वरचं मात्र ७८. आणि "दोनच इंच मोठा आहे ना" म्हणणाऱ्या पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा!

अजून एक. टक्का कशाचा, ते विचारत जा. १२ बाय १८ वरून १६ बाय २४ ला गेलात तर बाजू ३३ टक्के मोठी. तिथून परत आलात तर २५ टक्के लहान. फ्रेमा त्याच दोन. आणि हे सगळं प्रमाण सारखं असेल तरच. १६ बाय २० ही १२ बाय १८ ची मोठी बहीण नाही, तिथे फोटो कापावा लागतो आणि मग नवरदेवाचा फेटा जातो.

त्या शाळेचा पुढच्या वर्षी परत फोन आला. मी आधीचाच २५ टक्के नफा धरून १५२५ सांगितले. मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी तर १२०० होते!" मी पट्टी आणि काचेचा हिशोब कागदावर लिहून दाखवला. त्यांनी दोनच मोठ्या घेतल्या, बाकी आठ १६ बाय २४ च्या, ८६० रुपयांनी. त्या मॅडम गणिताच्याच निघाल्या, हिशोब त्यांनी माझ्याआधी संपवला.