कंदील घरी न्या

गेल्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात दहा वर्षांच्या एका मुलीने आकाशकंदील विकायला मांडले होते. कामट्या इथे अमेरिकेत मिळत नाहीत, म्हणून बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या वापरल्या आणि पतंगाच्या कागदाऐवजी भेटवस्तू गुंडाळायचा पातळ कागद. झिरमिळ्या मात्र आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवल्या तशाच. एका कंदिलाचे 12 डॉलर. सामानाचा खर्च वजा जाता उरेल ते इथल्या माजी सैनिकांसाठी.

एका गृहस्थांनी 50 डॉलरची नोट काढली आणि प्रेमाने म्हणाले, "कंदील राहू दे बाळा, पैसे ठेव." ती कंदील हातात धरून तशीच उभी राहिली. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण तीन आठवडे खपून केलेली वस्तू त्यांना नकोच होती, हे तिला कळलं. ती विकायला बसली होती, आपण तिला मागायला बसवलं.

ही कल्पना तिला सुचली ती मे महिन्यात. मेमोरियल डेच्या आधी किराणा दुकानाच्या दारात एका वृद्ध माजी सैनिकाने तिला तारेच्या देठाचं लाल फूल दिलं. हे कोण करतं, असं तिने विचारलं. 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' या संघटनेचं हे 'बडी पॉपी' 1924 पासून अपंग, गरजू माजी सैनिकच जुळवतात आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. लंडनमध्येही 1922 साली असा कारखाना सुरू झाला. तिथलं फूल असं बेतलं होतं, की एक हात गमावलेल्या माणसालाही ते एका हाताने जुळवता यावं. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी 1917 मध्ये निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज पुण्याजवळ खडकीत आहे. लढून परतलेल्या माणसाला दयेपेक्षा काम हवं असतं आणि त्या कामाला गिऱ्हाईक हवं असतं, हे या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्या मुलीलाही ते कळलं, म्हणून तिने डबा न फिरवता कंदील केले.

कार्यक्रमानंतर एक कुजबुज कानावर आली: "भारतातल्या आपल्या जवानांना का नाही?" हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. माझे काका फौजेत होते, घरी त्यांच्या पत्राची वाट बघणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. पण त्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील सध्या तैनातीवर आहेत. तिला दिसणारा सैनिक तोच आहे. ज्या घराची काळजी तिला खरोखर वाटते, त्यापासून तिने सुरुवात केली तर तिला अडवायचं कशाला?

शिवाय तिचा पासपोर्ट अमेरिकन आहे. भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी भारतात परदेशी मानली जात नाही. परदेशी नागरिकाची मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशीच ठरते; आणि परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय तिथल्या संस्थेला ती घेता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. 1949 पासून दर 7 डिसेंबरला भारतात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निधीला आपण मोठ्यांनी स्वतःच्या खिशातून द्यावं. आपलं ऋण दहा वर्षांच्या पोरीच्या कंदिलांतून फेडून घेऊ नये.

समितीकडे माझं एवढंच मागणं आहे. यंदा मुलांना टेबल द्या, भाडं घेऊ नका, पण भाव त्यांना ठरवू द्या आणि हिशेबही त्यांनाच ठेवू द्या. तिच्या वहीत डिंकाची बाटली आणि आईकडून उसने घेतलेले 4 डॉलरही लिहिलेले आहेत. मंचावर बोलावून शाल-श्रीफळ नको, एवढ्या लहान वयात त्याचं ओझं होतं. एखादा कंदील वाकडा वाटला तर तसं तिला सांगा, ती सरळ करून देईल. गेल्या वर्षी घेतलेला माझा अजून पोर्चमध्ये टांगलेला आहे. पावसाने एक झिरमिळी गळली, तेवढी तिच्याकडून बदलून घ्यायची आहे.