सिद्ध करा

अल-ख्वारिझ्मीचं नाव असलेले मेसेज आपल्या ग्रुपांवर नेमाने फिरतात. अल्जेब्रा हा शब्द अरबी ‘अल-जब्र’वरून आला, अल्गोरिदम त्याच्या नावावरून. दोन्ही खरं आहे. माझं तर पोटच अल्गोरिदमवर चालतं. पण त्याने पुस्तकात नेमकं केलं काय, हे मेसेज पाठवणाऱ्याला विचारून बघा.

इ.स. ८२०च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेल्या त्या पुस्तकात एक उदाहरण आहे. आजच्या भाषेत, क्ष² + १०क्ष = ३९. नियम सांगून तो थांबला असता तरी उत्तर बरोबरच येत होतं. तो थांबला नाही. नियम खरा का, हे त्याने आकृती काढून दाखवलं. क्ष बाजूचा चौरस घ्या. त्याच्या लगतच्या दोन बाजूंना ५ रुंदीची एकेक पट्टी लावा. सगळं मिळून क्षेत्रफळ ३९. कोपऱ्यात ५ × ५ची जागा रिकामी राहते. ती भरली की मोठा चौरस पुरा होतो. ३९ + २५ = ६४, म्हणून बाजू ८ आणि क्ष = ३. (ऋण उत्तर तो धरत नसे.)

शाळेतलं (अ + ब)² = अ² + २अब + ब² म्हणजे हेच चित्र. रविवारी मी मोहल्ल्यातल्या आठवी-नववीच्या मुलांचं गणित घेतो. (अ + ब)² = अ² + ब² लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्या दोन पट्ट्या त्यांना कुणी दाखवलेल्याच नसतात. हातात सूत्रांचा तक्ता असतो, आणि क्लासचा सल्ला असतो की ‘सिद्ध करा’चा प्रश्न सोडा, वेळ जातो.

हा सल्ला मला घातक वाटतो. मुलं म्हणतात, आकडे घालून पाहिले, जमलं की! मग मी त्यांना न² + न + ४१ देतो. न म्हणजे ० पासून ३९ पर्यंत काहीही घ्या, दर वेळी मूळ संख्या येते. ४० घेतलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस टेस्ट पास, एकेचाळिसावी फेल. आमच्या धंद्यात हे नवं नाही.

दुसरी खोड म्हणजे जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरायचं आणि दोन्ही बाजूंवर क्रिया करत सुटायचं. तसं केलं तर −१ = १ हेही ‘सिद्ध’ होतं: दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १. म्हणून डाव्या बाजूपासून निघून एकेक पायरीने उजवीकडे पोचायचं. मुलांना वाटतं, ही बोर्डाची लिहिण्याची पद्धत आहे.

आपल्या वस्तीतली बरीच मुलं घरात पहिल्यांदाच बीजगणित शिकतात. वर्गात ती बोलत नाहीत. सिद्धतेत मात्र कोण बोलतंय, त्याचे अब्बा काय करतात, याला काही किंमत नसते. पायरी चुकली असेल तर सरांचीही चुकलेली असते, आणि मागच्या बाकावरची मुलगी ते फळ्यावर दाखवू शकते.

घरात आठवी-नववीतलं भावंड असेल तर त्याला चौकटींच्या वहीचं पान आणि कात्री द्या. (अ − ब)² कापून दाखवायला सांगा. अ बाजूच्या चौरसातून ब रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या, तर कोपरा दोनदा वजा होतो. तो परत का मिळवायचा, हे त्यालाच शोधू द्या.