शेवटची गाडी आणि पाहुणा प्रेक्षक

इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास सांगताना खेळाडू, प्रशिक्षक आणि क्लबांचे मालक यांची नावे येतात. या धाग्यात आपल्या संघामागे गावोगाव हिंडणाऱ्या प्रेक्षकाविषयी लिहायचे आहे. माझे मत आरंभीच सांगतो : इंग्लंडची लीग उभी राहिली त्यात या माणसाचा वाटा खेळाडूंच्या तोडीचा आहे, आणि सामन्यांच्या वेळा ठरवताना सर्वांत शेवटी विचार होतो तो त्याचाच.

आरंभ गिरणीपासून करावा लागेल. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक झाले. त्यांच्याविना यंत्रे चालवणे परवडेना, तेव्हा पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. पुढे ही अर्ध्या शनिवारची प्रथा इतर धंद्यांतही पसरली. दोनला भोंगा, तीनला सामना. आपल्या गिरणगावात वाढलेल्यांना भोंग्यावर चालणारे आयुष्य वेगळे समजावून सांगायला नको.

१८८८ मध्ये विल्यम मॅकग्रेगर या बर्मिंगहॅमच्या कापड दुकानदाराच्या पुढाकाराने फुटबॉल लीग स्थापन झाली. बारा क्लब : सहा लँकेशरचे, सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नाही. तोवर सामने ठरत आणि मोडत. आता ठरल्या दिवशी ठरल्या गावी पोहोचणे भाग होते. हे वेळापत्रक रेल्वेच्या भरवशावरच आखता आले. खेळाडू ज्या गाडीने जात, तिच्याच तिसऱ्या वर्गातून त्यांचे चाहतेही जाऊ लागले.

या प्रवाशांचे स्वागत मात्र सर्वत्र झाले नाही. १८८४ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सचे समर्थक एफए कपच्या अंतिम सामन्यासाठी लंडनला आले, तेव्हा तेथील एका सायंदैनिकाने त्यांच्या वेषाची आणि बोलीची यथेच्छ टिंगल केली. या भ्रमंतीला वारीची उपमा देण्याचा मोह मराठी माणसाला होतोच. पण वारकऱ्याला वाटेवरच्या गावात भाकरी मिळते. येथे पाहुण्याला बहुधा पोलिसांची रांग मिळाली.

रेल्वेवाचून हा खेळ किती पांगळा होता, हे १९०१ मध्ये दिसले. टॉटनहॅम आणि शेफील्ड युनायटेड यांचा अंतिम सामना लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर १,१०,००० हून अधिक लोकांनी पाहिला. तो बरोबरीत सुटला आणि आठवड्याभराने पुन्हा खेळवायचा ठरला बोल्टन येथे. बोल्टनच्या स्थानकाचे बांधकाम चालू होते, म्हणून रेल्वे कंपनीने सवलतीची तिकिटे देण्यास नकार दिला. प्रेक्षक आले जेमतेम वीस हजार. मोठ्या गर्दीच्या आशेने दुकानदारांनी भाजून ठेवलेले पाय पडून राहिले (पाय म्हणजे मांसाचे सारण भरलेला तिकडचा खाद्यपदार्थ), आणि तो दिवस बोल्टनमध्ये ‘पाय-शनिवार’ म्हणून लक्षात राहिला.

यापुढचा टप्पा हसण्याचा नाही. १९७०-८० च्या दशकांत प्रेक्षकांतील हाणामाऱ्या वाढल्या, हे खरेच. पण त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रवासी प्रेक्षकाला संशयित समजून पोलादी कुंपणामागे कोंडले गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. दोन्ही संघांचे समर्थक बाहेरगावाहून आलेले. बाहेर चेंगराचेंगरीची वेळ आली तेव्हा पोलिसांनी एक दरवाजा उघडला, पण आत शिरणारा लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाण्यापासून कोणी वळवला नाही. मृतांचा आकडा आज ९७ आहे. दोष मात्र मेलेल्यांवर आणि वाचलेल्यांवर टाकण्यात आला. त्यांचे मृत्यू बेकायदेशीर होते आणि त्यांत समर्थकांचा दोष नव्हता, हा ज्युरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! सामना पाहायला निघालेल्या माणसाला नागरिक न मानल्याची ही किंमत आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

कुंपणे गेली, खुर्च्या आल्या, १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली आणि तिच्यासोबत दूरचित्रवाणीचा पैसा. अडवणुकीचे रूप बदलले. सोमवारी रात्री आठचा सामना संपायला दहा वाजतात. लंडनहून न्यूकॅसलला जाणारी शेवटची गाडी तोवर सुटलेली असते. तिकीट आणि खोली आरक्षित झाल्यावर सामना दुसऱ्या दिवशी ढकलला जातो. समर्थकांच्या संघटनांनी लढून २०१६ मध्ये पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा मिळवली. तो विजय मोठाच. पण तिकीट तीस पौंडांचे आणि प्रवास त्याच्या कितीतरी पट, ही तक्रार उरतेच.

यात आपलाही संबंध आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. लोकांनी घरी न बसता गावच्या लहान क्लबच्या मैदानावर जावे, हा त्यामागचा १९६० च्या दशकापासूनचा हेतू. त्यामुळे तीनचा सामना ठाण्यातला माणूस घरबसल्या पाहतो आणि मैदानाशेजारी राहणाऱ्याला तो घरी पाहता येत नाही. उलट दुपारी साडेबाराचा सामना आपल्याला हिवाळ्यात संध्याकाळी सहाला मिळतो. सोयीची वेळ. बोर्नमथला त्या वेळी पोहोचायचे तर न्यूकॅसलच्या माणसाला साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास पहाटेच सुरू करावा लागतो.

इंग्लंडला सामने पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींना म्हणूनच सुचवावेसे वाटते : ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफील्ड अवश्य पाहा, पण एक शनिवार तिसऱ्या-चौथ्या श्रेणीसाठी राखून ठेवा. वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत, आणि त्या सर्वांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्यांची तिकडे स्वतंत्र संघटनाही आहे. तिकीट क्लबकडूनच घ्या. फुटबॉलच्या तिकिटांचा अनधिकृत पुनर्विक्रय १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. यजमानांच्या गॅलरीत बसणार असाल तर पाहुण्या संघाचा शर्ट घालू नका, बाहेर काढतील.

लीगकडे मागणी एकच असावी : पाहुण्या प्रेक्षकाला सार्वजनिक वाहनाने त्याच रात्री घरी परतता येणार नाही, अशा वेळी सामना ठेवू नये. वेळापत्रक आखणाऱ्याने रेल्वेचे वेळापत्रक शेजारी उघडून ठेवले, तर यातले बरेचसे जमण्यासारखे आहे. १८८८ मध्ये तसेच करत होते.