तपासणीत पैसे थांबले, तर गप्प बसू नका

संजय गांधी निराधार योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो राहिला किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं, की दिव्यांगांचे पैसे अडकतात. माणूस पात्रच असतो, कमी पडतो तो कागद. आणि आपण मात्र ‘नसीब’ म्हणून घरी बसतो. ही खैरात नाही, हक्क आहे.

तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, कारण लेखी मागा, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

अपंगत्व ४० टक्क्यांखाली दाखवलं, तर योजनाच हातची जाते. त्यावर दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. आपल्या मोहल्ल्यात कुणाचे पैसे थांबलेत, विचारा. अर्ज लिहायला आपण बसू.