घेणाराही मीच, देणाराही मीच

मागच्या रविवारी वाशीमच्या पाटणी चौकामागच्या गल्लीत एका बंद दुकानाचं शटर बऱ्याच वर्षांनी वर गेलं. आत रिकामी पोती, मोडका कूलर, आणि भिंतीकडे तोंड करून उभा केलेला एक उंच लाकडी डबा. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी आणि मी मिळून तो फिरवला आणि मी चाळीस वर्षांचा गृहस्थ एकदम ओरडलो, ‘‘मुस्तफा!’’

ज्यांचं शिक्षण अपुरं राहिलं त्यांच्यासाठी सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्यात निवडायला चार गडी, आणि त्यातला एक टोपीवाला मुस्तफा. तो धावत येऊन अशी लाथ घालायचा की समोरचे दोघं-तिघं एकदम आडवे. इंग्रजी नाव वाचायला वेळ कुणाला होता? सगळ्या खेळाचंच नाव ‘मुस्तफा’ पडलं, आणि ते नुसतं वाशीममध्ये नाही, देशभर. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. मोठ्यांना कलेक्टर ऑफिस मिळालं. मी तेव्हा नववीत होतो, मला हे दुकान मिळालं. रुपयाला एक डाव.

‘‘भंगारवाला पंधराशे म्हनते,’’ काका म्हणाले. ‘‘तुमी काय देता, सांगा भाऊ.’’

हा प्रश्न सोपा वाटतो. पण वापरातून गेलेल्या वस्तूचा रास्त भाव कसा काढायचा, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. मला जे काही येतं ते आजोबांच्या मागे बैलबाजारात फिरून. ते आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावर वय ठरे. मग खांद्यावरून हात फिरवायचे, मग चालवून पाहायचे. आणि सौदा रुमालाखाली, बोटं धरून. तोंडानं आकडा नाही, चेहऱ्यावर भाव नाही. मी तर डबा दिसताच ओरडलो होतो. म्हणजे निम्मा सौदा तिथंच हरलो.

तरी दात पाहिले. मागची फळी काढली. तळाशी प्लायला वाळवी लागलेली, पण वीतभरच. आत टीव्हीचीच पिक्चर ट्यूब. तिच्या काचेत ‘इन्सर्ट कॉइन’ ही अक्षरं कायमची उमटलेली. एकच चित्र वर्षानुवर्षं तिथंच उजळत राहिलं की आतला लेप जळतो, आणि बंद पडद्यावरही ते भुतासारखं दिसत राहतं. नवी ट्यूब आता कुणी बनवत नाही. ही गेली की दुसऱ्या कुणाच्या तरी मेलेल्या टीव्हीतूनच काढावी लागणार.

तारांची मात्र काळजी नव्हती. १९८५ साली जपानी कंपन्यांच्या संघटनेनं ५६ पिनांच्या जोडणीचा एकच नमुना ठरवून दिला, त्याला ‘जाम्मा’ म्हणतात. त्यामुळं एक बोर्ड उपसून दुसरा खुपसला की त्याच डब्यात वेगळा खेळ सुरू. बोर्ड पाहिला तर तो नकली निघाला. यातली गंमत अशी की कॅपकॉमच्या मूळ बोर्डात एक बॅटरी असते, आणि खेळाच्या कुलपाची किल्ली तिच्या जिवावर टिकून राहते. बॅटरी मेली की बोर्ड असून नसल्यासारखा. नक्कल करणाऱ्यांनी ते कुलूपच काढून टाकलं. म्हणून अस्सल बोर्ड कपाटात पडल्या पडल्या मरतात आणि नकली तीस वर्षांनी जिवंत सापडतात. बाजारात मोल मात्र अस्सललाच.

मोबाइलवर पाहिलं, तर अमेरिकेत अशा यंत्रांना डोळे पांढरे होतील असे भाव. पण ते कंपनीच्या मूळ कॅबिनेटला, मूळ चित्रांना, मूळ बोर्डाला. आपला डबा गावच्या सुताराचा, त्यावरचा डायनोसॉर गावच्या पेंटरचा, थोडा घोरपडीसारखा. तिकडचा भाव इथं लावणं म्हणजे हमीभावाचा कागद घेऊन बाजार समितीत जाण्यासारखं. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. पण माल उतरवला की ओलावा मोजणारं यंत्र येतं, बारा टक्क्यांच्या वर काटा गेला की बोलणं बदलतं. वाशीमच्या माणसाला भाव आणि भावातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

एक भाव भंगारवाल्याचा, वजनाचा. त्याच्या खाली कुणी जाऊ नये. दुसरा कमाईचा. काका सांगत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये पेटीत पडायचे, किती महिन्यांत पैसे फिटतील हे पाहूनच त्यांनी तो घेतला होता. तो हिशेब आता संपला. हाच खेळ आज मोबाइलमध्ये चालतो, त्यामुळं खेळाला किंमत उरलेली नाही. उरलाय तो डबा, ट्यूब, आणि शेकडो पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं हँडल. तिसरा भाव दुरुस्तीचा, जो विकत घेणारा नेहमी जास्त सांगतो आणि विकणारा नेहमी कमी. चौथा भाव माझ्या नववीचा, आणि त्याबद्दल मी तोंड उघडणार नव्हतो.

वाळवी, ट्यूब, नकली बोर्ड, सगळं मोठ्यानं मोजून दाखवलं आणि म्हणालो, ‘‘सहा हजार.’’

काकांनी मान हलवली नाही. शांतपणे विचारलं, ‘‘अन् उद्या कोनी तुमाले हे सहा हजारात मांगलं, तर देसान?’’

मी गप्प झालो. आजोबांचा रुमाल आठवला. त्या रुमालाखाली दोन्ही हात असतात, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. ज्या आकड्याला मी घ्यायला तयार आणि त्याच आकड्याला द्यायलाही तयार, तो रास्त भाव. सहा हजारात मी तो डबा हलवू दिला नसता. सात? नाही. आठ? कुरकुरत. नऊ हजारांवर मनाशी म्हणालो, हो, दिला असता. वाईट वाटून, पण दिला असता. तोच आकडा बोललो.

‘‘जमलं,’’ काका म्हणाले.

चालवून पाहायचा राहिला होता. वायर जोडली, ट्यूब गुणगुणली, उजेड आला. खिशातलं रुपयाचं नाणं टाकलं तर ते सरळ खालून बाहेर. २०११च्या नमुन्याचा रुपया २२ मिलिमीटरचा, आणि हे दार ओळखतं १९९२च्या स्टीलच्या रुपयाला, २५ मिलिमीटरच्या. काका उठले, गल्ल्याच्या मागून एक पत्र्याची डबी आणली. त्यात जुने, मोठे रुपये. चाळीस भरले.

मी शहाणपणानं विचारलं, ‘‘याचे काय घेता?’’

ते हसले. ‘‘त्याचा भाव त्याच्यावरच लिहेल आहे ना, भाऊ.’’

मी चाळीस रुपये दिले.