भाऊसाहेबांना हार घालता, मग कुळांचे दावे कधी निकाली काढणार?



१२ मार्चला जयंती आणि १२ ऑगस्टला पुण्यतिथी आली की मिरामारच्या समाधीवर सर्व पक्षांचे हार चढतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्याविषयी त्या दिवसांत एक तर भाग्यविधाता म्हणून लिहिले जाते, नाही तर खाणीच्या पैशावर सत्ता मिळवलेला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची लढाई हरलेला पुढारी म्हणून. कूळ आणि मुंडकार दोन्हींत कुठेच नसतात. माझा आक्षेप त्याला आहे.

भाऊसाहेब खाणमालक होते, श्रीमंत होते, पक्षाला त्या पैशाचा आधार होता, हे मान्यच केले पाहिजे. पण पैसा तेव्हा इतर खाणवाल्यांकडेही होता आणि भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी होत्या. तरीही डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत, त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला १४ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२, आणि केंद्रात सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही मिळाली नाही. नुसत्या पैशाने हे घडत नाही.

ज्यांनी मुंडकाराचे घर जवळून पाहिले आहे, त्यांना त्या मतांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. घर बापजाद्यांनी बांधलेले, पण खालची जमीन भाटकाराची. कौले बदलायची, मातीची भिंत पाडून चिऱ्याची उभी करायची, मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची, तर आधी भाटकाराच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्याने नको म्हटले की विषय संपला. कुळाची गत याहून बरी नव्हती. शेत तोच कसायचा, पण ते कधी काढून घेतले जाईल याचा नेम नसे. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले. त्याच काळात खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत कोणी पाटी धरली नव्हती, तिथली मुले शिकू लागली. भाऊसाहेबांची खरी कमाई ही आहे.

विलीनीकरणाच्या पराभवाकडेही नीट पाहावे. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा, या विरोधकांच्या मागणीवरून त्यांनी डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात वेगळ्या गोव्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. पक्षाचा मुख्य कार्यक्रमच लोकांनी नाकारला. तरी मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी मगोला १६ जागा देऊन भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले. लोकांना त्यांच्याकडून नकाशापेक्षा जमीन आणि शाळा हवी होती, याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता?

दोषही सांगितले पाहिजेत. पक्ष एका माणसाभोवती फिरत राहिला आणि १९७० मध्ये त्यातच बंड झाले. ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्यांच्यापासून दूरच राहिला. खाणमालकच मुख्यमंत्री असेल तर खाणींना लगाम कोण घालणार, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आज खाण, जमीन नि हॉटेलांच्या धंद्यातून राजकारणात येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारलाच पाहिजे. शिवाय सगळे श्रेय भाऊसाहेबांना देणेही चूक आहे. १९७३ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धेच झाले होते. १९७५ चा मुंडकार कायदा आणि कुळांना मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली आहे. शशिकलाताईंचा उल्लेख नुसता ‘भाऊसाहेबांची कन्या’ एवढ्यावर आटोपतो, याचे मला फार वाईट वाटते.

आणि आज? कायदे होऊन अर्धशतक लोटले, तरी कुळ-मुंडकारांचे दावे मामलेदार कचेऱ्यांत पडून आहेत. एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे, मालकीची सनद नाही, आणि दावा लावणारा म्हातारा तारखा मोजत निघून गेला, अशी घरे फोंडा-डिचोलीत शोधावी लागत नाहीत. मगो पक्षाने २०२२ ची निवडणूक तृणमूलसोबत लढवली, दोन आमदार निवडून आणले आणि निकालानंतर तो भाजपच्या सरकारात सामील झाला. सत्तेत राहायचा निर्णय पक्षाचा. पण भाऊसाहेबांचा फोटो लावून मते मागितली असतील, तर त्या सत्तेचा पहिला उपयोग कुळांसाठी व्हायला हवा होता.

माझी मागणी साधी आहे. सरकारने प्रलंबित कूळ आणि मुंडकार दाव्यांची तालुकावार यादी प्रसिद्ध करावी, ते दावे निकाली काढण्यासाठी मामलेदारांना मुदत घालून द्यावी आणि कामासाठी लागणारी माणसेही द्यावीत. मगोच्या मंत्र्यांनी हा विषय मंत्रिमंडळात मांडावा, आणि येत्या १२ मार्चला समाधीवर जाण्यापूर्वी किती दावे निकाली निघाले ते जनतेला सांगावे.

— एक वाचक, फोंडा